मिरगीचा रकाना

बार्शीच्या एका शाळेच्या पटांगणात आम्ही साठ-सत्तर जण लंगोटावर उभे होतो. महायुद्ध चालू होतं आणि पलटणीसाठी माणसं भरून घेत होते. मी आणि माझा एक दोस्त परंड्याहून पहाटे निघालो होतो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं आमची गाठोडी सोडून बघितली. पुढं तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून त्यानं सोडून दिलं, आणि आम्ही इंग्रजी मुलखात शिरलो. मला एकोणिसावं सरत आलं होतं. दोस्त माझ्याहून वर्षानं मोठा होता.

वजन झालं, उंची झाली, छातीला फीत लावून झाली. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी मी उजव्या हातात धरून ठेवली होती, ती डॉक्टरांनी काढायला लावली नाही. मग एका टेबलापाशी उभं केलं. समोरचा कारकून छापील कागदावरून एकेक रोग वाचायचा आणि माझं उत्तर त्याच्यापुढं लिहायचा. क्षय, दमा, मूळव्याध, रातांधळेपणा. माझ्या तोंडून प्रत्येकाला 'जी नहीं' येत होतं आणि ते खरं होतं. मग त्यानं वाचलं, "मिरगी?"

"जी नहीं," मी म्हणालो.

कारकुनानं लिहिलं. डॉक्टर बाजूलाच होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या दोस्ताला विचारलं, तू याच्याच गावचा ना? याला कधी चक्कर, फेफरं काही? दोस्तानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नाही साहेब, म्हणाला, तालमीतला गडी आहे हा. डॉक्टरांनी सही केली. आम्ही दोघंही निवडले गेलो.

हे खोटं आम्ही का बोललो, ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागेल.

पंधराव्या वर्षी मला पहिल्यांदा फेफरं आलं ते तालमीत, याच दोस्ताच्या हातात. तो नालबंदाचा मुलगा. त्याचे वडील बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचे, आणि वेशीबाहेरच्या त्यांच्या झाडाखाली बाजारच्या दिवशी बैलांची रांग लागायची. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यांना मी आप्पा म्हणायचो. आम्हा दोघांची घरं दोन टोकांना, पण तालीम एक होती आणि शाळाही एकच, उर्दू. त्या दिवशी त्यानं मला खाली घेतलं होतं, आणि मी एकाएकी ताठ झालो. त्याला वाटलं आपण मान मोडली. पुढं काय झालं ते मला त्यानंच सांगितलं. मला तेवढं आठवतं की डोळे उघडले तेव्हा नाकाशी कुणाचं तरी खेटर होतं, फोडलेला कांदा होता, जीभ चावली गेली होती आणि लंगोट ओला झाला होता. तालमीतली माणसं कडेनं उभी होती. त्यानं स्वतःचं धोतर माझ्यावर टाकलं आणि मला पाठुंगळी घेऊन घरी आणलं.

त्यानंतर ते दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचं. आप्पांनी करायचं ते सगळं केलं. वैद्याचा काढा झाला, दर्ग्याचा गंडा झाला, तुळजापूरला जाऊन आईनं ओटी भरली. शाळेत मास्तरांनी मला दाराजवळ बसवलं, म्हणजे पडलो तर बाहेर न्यायला सोपं. गावातली माणसं वाईट नव्हती. पण मी रस्त्यानं चाललो की बायका घागर घेऊन जरा कडेला व्हायच्या. विहिरीवर मला कुणी चढू देत नसे. त्यात मायाही होती आणि भीतीही होती, आणि दोन्हींचा मला सारखाच जाच व्हायचा.

दोस्तानं मात्र एक गोष्ट हेरली होती. त्यानं मला पाच-सहा वेळा पडताना पाहिलं होतं. तो म्हणाला, "तुझा डावा अंगठा आधी आत वळतो बघ. मग चार-पाच श्वास जातात. मगच तू पडतोस." मी नीट लक्ष दिलं तेव्हा ते खरं निघालं. अंगठा वळायचा आणि तोंडात तांब्याची चव यायची. तेवढ्या वेळात मला खाली बसता यायचं, भिंतीपासून लांब सरकता यायचं. आमच्या दोघांत तेवढंच ठरलं होतं. अंगठा वळला की मी त्याला सांगायचं.

मग माझ्या बहिणीचं लग्न मोडलं. ती माझ्याहून दीड वर्षानं मोठी. वाशीकडचं स्थळ होतं, सगळं ठरत आलं होतं. त्या लोकांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं. भाऊ असा, तर बहिणीच्या पोटी काय येईल सांगता येत नाही, असा निरोप आला. आप्पांनी तो दुकानात ऐकला, घरी येऊन एका वाक्यात सांगितला आणि जेवायला बसले. बहीण मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं माझं ताट वाढलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर अकरा महिने मला फेफरं आलं नाही. काढ्यानं म्हणा, गंड्यानं म्हणा, गेलं ते गेलं अशी मी मनाची समजूत करून घेतली. पलटणीत भरती चालू असल्याची बातमी तेव्हाच आली. मला वाटलं, आपण गावातून गेलो तर घरचे लोक सांगू शकतील, मुलगा पलटणीत आहे. जो पलटणीत आहे त्याला काय रोग असणार? बहिणीचंही होऊन जाईल. आणि खरं सांगायचं तर, जिथं मला पडताना कुणी पाहिलेलं नाही अशा जागी जायची मला ओढ लागली होती.

दोस्ताला पलटणीत जायचं काही कारण नव्हतं. वडिलांचं काम त्याच्या हातात आलं होतं. मी एकटा निघालोय हे कळल्यावर तो म्हणाला, "आन् तिकडं पडलास तर? तुझा अंगठा कुणाला ठाव हाय तिथं?" आणि तो माझ्याबरोबर आला.

कुर्डुवाडीला मोठी गाडी धरून आम्ही छावणीत पोहोचलो. तिथले पहिले तीन महिने माझ्या उभ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. पहाटे कवायत, दुपारी हत्यारांची शिकवणी, संध्याकाळी खेळ. हवालदार पंजाबी होता. त्याच्या शिव्या आम्हाला हळूहळू कळायला लागल्या आणि मग त्यांचं काही वाटेनासं झालं. मला कुणी दाराजवळ बसवत नव्हतं. पाणी काढायला विहिरीवर पाठवायचे. पहिल्यांदा रहाटाचा दोर हातात आला तेव्हा मी गरजेपेक्षा दोन बादल्या जास्त काढल्या. घरी पत्र लिहिलं की मी ठणठणीत आहे. आप्पांचं उत्तर आलं, बहिणीसाठी एक-दोन जागी बोलणं सुरू केलंय, पलटणीचं ऐकून लोक बरं बोलतात.

चौथ्या महिन्यात आम्हाला चांदमारीला नेलं. गोळीबाराच्या सरावाचं मैदान छावणीपासून कोसभर लांब होतं. जोड्या लावल्या होत्या. एकानं नेम धरायचा, दुसऱ्यानं शेजारी बसून काडतुसं द्यायची आणि निशाण कुठं लागलं ते सांगायचं. माझ्या जोडीला दोस्तच होता. सकाळची वेळ होती, ऊन अजून तापलं नव्हतं. झोपून मारायच्या गोळ्या झाल्या. मग गुडघ्यावर बसून मारायचा हुकूम आला. मी बंदूक भरली आणि खांद्याला लावली.

अंगठा वळला.

इथं मला घाई करून चालणार नाही. मला कळलं होतं. बंदुकीखाली धरलेला डाव्या हाताचा अंगठा आत ओढला गेला आणि तोंडात तांबं आलं. माझ्याजवळ चार-पाच श्वास होते. 'अंगठा' एवढा एक शब्द पुरे होता. दोस्तानं बंदूक काढून घेतली असती. पण शब्द उच्चारला की हवालदार येणार, कारण विचारणार, आणि माझे हे चार महिने संपणार, हेही मला त्याच श्वासांत कळत होतं. मला वाटलं, जाईल. अकरा महिने आणि वर हे चार महिने गेलेत, हेही जाईल. मी शब्द गिळला. त्यापुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी छावणीच्या दवाखान्यात होतो. जीभ सुजली होती. बंदूक माझ्या हातात असतानाच मी कुशीवर कोसळलो होतो आणि गोळी सुटली होती. ती दोस्ताच्या डाव्या पायातून गेली. पुढची बोटं आणि त्यांच्या मागचं हाड, एवढं सगळं कापावं लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवलं. बार्शीचे नव्हेत, हे दुसरे, वयस्कर आणि सावकाश बोलणारे. त्यांच्यापुढं माझा तो छापील कागद होता. त्यांनी विचारलं, हे पहिल्यांदाच झालं का? हो म्हणालो असतो तरी त्यांनी मला घरीच पाठवलं असतं, आणि कागदावर डाग राहिला नसता. पण मला ते जमलं नाही. पंधराव्या वर्षापासूनचं सगळं सांगितलं, बहिणीचंही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या जोडीदाराला हे माहीत होतं? मी म्हणालो, नाही, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्या खोलीत मी बोललेलं हे एकच खोटं, आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला आणि मिरगीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ये सवाल तुम्हारे लिए नहीं था," ते म्हणाले. "तुम्हारे बाजूवाले के लिए था."

नंतर त्यांनी मला समजावलं की ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे, आणि तो असणारा माणूस पुष्कळ कामं करू शकतो. बंदूक, मोटार, विहीर आणि विस्तव यांच्याजवळ मात्र त्यानं एकट्यानं जाऊ नये. खेटर हुंगवू नये, तोंडात काही कोंबू नये, कुशीवर वळवावं. एवढ्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मला सोडण्याचे कागद तयार व्हायला आठवडा लागला. जायच्या आदल्या दिवशी मला दोस्ताला भेटू दिलं. त्याच्या पायावर कापडाचा मोठा गोळा होता. चेहरा उतरला होता. मी खाटेशी उभा राहिलो. त्यानं मला बस म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "अंगठा वळला होता का?"

मी म्हणालो, "व्हय."

"मंग?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग शिपाई आला आणि मला घेऊन गेला.

घरी आलो तेव्हा आप्पांनी गावात काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. नजर अधू निघाली म्हणून सोडलं. दोस्ताच्या पायाचंही लोकांनी आपापलं जुळवून टाकलं होतं, लढाईत गोळी लागली म्हणून. आम्ही लढाईच्या जवळपासही गेलो नव्हतो. मी आप्पांना म्हणालो की मला हे सांगता यायचं नाही. ते चिडले. बहिणीचं बोलणं पुन्हा एका ठिकाणी रंगात आलं होतं. तेव्हा स्वयंपाकघरातून बहीण बाहेर आली. आप्पांपुढं ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "त्यांना खरं काय ते सांगा, आप्पा. ज्यांना चालंल ते येतील. न्हाय चाललं तर न्हाय." ते स्थळही गेलं. तिचं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं, अणदूरच्या एका कापडवाल्याशी, आणि ते माझ्याबद्दल सगळं सांगून झालं.

पण त्याआधी मला नालबंदाकडं जायचं होतं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. मी गेलो तेव्हा त्यांनी एक खिलारी बैल पाडला होता. चारी पाय बांधले होते आणि ते खुरावर पत्री बसवत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. बार्शीचं, चांदमारीचं, अंगठ्याचं, न उच्चारलेल्या शब्दाचं. चाचांनी काम थांबवलं नाही. एकेक खिळा मारून त्याचं टोक मुरगाळलं. बैल सोडला, तो झाडाखाली उभा राहून अंग झाडायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "तू खोटं बोललास, ते तुझं तू जाण. पर तो का बोलला? माझं पोरगं खोटं बोलत न्हाय."

"माझ्यासाठी बोलला, चाचा."

"व्हय," ते म्हणाले. "म्हून म्हन्तो, तू आता हिकडं येत जाऊ नको."

मी गेलो नाही. रस्त्यात दिसले तर मी खाली मान घालायचो आणि तेही पुढं जायचे.

दोस्त पाच महिन्यांनी परत आला, काठी घेऊन. मी त्याच्याकडं गेलो नाही आणि तोही आला नाही. गाव लहान, तालीम एक, तरी आम्ही वर्षभर एकमेकांशी बोललो नाही. मग एका उन्हाळ्यात चाचांना अर्धांगाचा झटका आला आणि सगळं काम त्याच्यावर आलं. बैल पाडायचा तर दोरी मागं खेचून पाय रोवावे लागतात. त्याचा डावा पाय रोवला जात नव्हता. दोन-तीन माणसं त्यानं ठेवून बघितली, ती टिकली नाहीत. एका बाजारी एक बैल दोरीतून निसटला आणि त्याला लोळवून गेला. तो उठला, कपडे झटकले आणि पुन्हा दोरी गोळा करायला लागला. मी आप्पांच्या दुकानासाठी गुळाची ढेप घेऊन चाललो होतो. ती मी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "पडायच्या आधी सांगशील?"

"सांगंन."

"दर वेळेला?"

"दर वेळेला."

"बैल हाय हा. निशाण न्हाय," तो म्हणाला. मग आम्ही तो बैल पाडला.

त्यानंतर सुमारे दोन वर्षं मी बाजारच्या दिवशी त्याच्याकडं दोरीला असायचो. आप्पांना ते पटत नव्हतं, लिंगायत वाण्याचा पोरगा नालबंदाच्या दोरीला कशाला, असं लोकही म्हणत. चाचा खाटेवर पडून सगळं बघायचे. ते माझ्याशी बोलले नाहीत, पण एकदा त्यांनी सुनेला, दोस्ताच्या नव्या बायकोला, मला पाणी द्यायला सांगितलं. त्या दोन वर्षांत चार वेळा अंगठा वळला. चारही वेळा मी मोठ्यानं सांगितलं, रांगेतल्या शेतकऱ्यांच्या देखत. दोस्त दोरी स्वतःकडं घ्यायचा, कुणीतरी बैलाचं डोकं धरायचं आणि मी बाजूला जाऊन कुशीवर आडवा व्हायचो. पहिल्या वेळेला लोक उठून लांब गेले. चौथ्या वेळेला एका म्हाताऱ्यानं आपलं उपरणं घडी करून माझ्या डोक्याखाली घातलं आणि शेजारी तंबाखू मळत बसला. जाग आली तेव्हा तो मला म्हणाला, निवांत पड, माझ्या बैलाला वेळ आहे.

सांगण्यात लाज होतीच. ती गेली नाही. पण सांगून पडणं आणि लपवून पडणं यांत किती अंतर असतं ते मला त्या झाडाखाली कळलं.

मग निजामाचं राज्य गेलं. हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून आमच्या भागात आली. त्याआधी रझाकारांनी जे केलं ते आम्ही भोगलं होतं. त्यानंतरच्या दिवसांत ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशा मुसलमान घरांवर जे आलं तेही आम्ही पाहिलं. दोस्ताचं घर वाचलं. त्या आठवड्यात तो, चाचा आणि त्याची बायको आमच्या दुकानामागच्या खोलीत होती, आणि आप्पा स्वतः दुकानाच्या दारात बसून होते. खोलीचं दार दिसू नये म्हणून पोती रचायला मीच मदत केली. चाचा तिथंच माझ्याशी पुन्हा बोलले. फार काही नाही. त्यांना पाठ टेकायला उशी हवी होती.

पण तो राहिला नाही. महिन्याभरानं सगळं शांत झालं तेव्हा त्यानं चाचांना आणि बायकोला घेऊन हैदराबादला जायचं ठरवलं, बायकोच्या भावाकडं. बैलगाडीनं कुर्डुवाडीपर्यंत मी सोबत गेलो. स्टेशनावर त्यानं हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली, ऐरणीचा तुकडा, हातोडा आणि चिमटा. तिकडं शहरात बैल कुठले, म्हणाला, मी आता पानाच्या दुकानावर बसणार. मी म्हणालो की माझ्याजवळ राहून काय उपयोग, मला पत्री मारता येत नाही. तो म्हणाला, "दुसऱ्या कुनाला दे. न्हायतर ठेव."

मी ती शेजारच्या गावच्या एका लोहाराला दिली. त्यानं पुढं वीसेक वर्षं तरी ती वापरली.

पुढं सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मला गोळ्या सुरू केल्या. फेफरं वर्षाला एक-दोनवर आलं. मी आप्पांचं दुकान चालवलं, लग्नाआधी मुलीकडच्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी आठ दिवस विचार करून होकार दिला. दुकानात तराजूशेजारी मी एक पाटी लावली होती. पडलो तर कुशीवर वळवा, पाणी पाजू नका, एवढंच तिच्यावर होतं. गिऱ्हाइकं ती वाचून विचारायची, मी सांगायचो.

हैदराबादहून दोस्ताची तीन पत्रं आली, उर्दूत, त्याच्या तिरक्या अक्षरात. तिसऱ्यात चाचा गेल्याचं होतं, आणि नवा बूट शिवून घेतल्याचं, ज्याच्या पुढच्या भागात मोच्यानं कापूस भरला होता. शेवटी एक ओळ होती, तुझ्या पडण्याचं कसं काय आहे? मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. यंदा दोनदा, एकदा दुकानात आणि एकदा देवळाच्या पायरीवर, लागलं नाही. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. कुणाकडून तरी कळलं की त्यानं ते घर बदललं आणि नवा पत्ता कुणाला ठाऊक नाही.